गॅरेजला टाकलेली पुस्तकं

रात्री एक-दीडला झोप येत नसेल तर मी गंज उतरवण्याचे व्हिडिओ बघतो. तुमच्यापैकीही बरेच जण बघत असणार. 'माय मेकॅनिक्स' नावाचं एक स्विस चॅनल आहे, त्याचे तर मी दोन-दोनदा बघितलेत. माणसाचा चेहरा दिसत नाही, तो बोलत नाही, पार्श्वसंगीतही नाही. टेबलावर एक गंजून लाल झालेला जुना व्हाइस ठेवला जातो. मग एकेक स्क्रू सुटतो, भाग वेगळे होतात, गंज उतरतो, घासकाम, पॉलिश, रंग. एखादा भाग त्याला पसंत पडला नाही की हा मी नव्याने बनवतो, अशा अर्थाची ओळ पडद्यावर येते आणि तो खरोखरच लेथवर नवा बनवतो. चाहत्यांमध्ये त्या ओळीचा आता विनोद झालाय. शेवटी व्हाइस आरशासारखा चमकत गोल फिरतो. संपलं. झोप येते.

मागच्या दिवाळीत इचलकरंजीला घरी गेलो होतो तेव्हा असाच एक व्हिडिओ पप्पांना दाखवला. पप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. लूमच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीची मोटार, जे जळेल ते. आमच्याकडे त्याला 'मोटार भरणं' म्हणतात: जळालेलं तांबं काढायचं आणि नवं भरायचं. मला वाटलं होतं त्यांना व्हिडिओ आवडेल. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. मध्ये एकदा म्हणाले, "लेथ चांगला हाय." संपल्यावर फोन परत देत विचारलं, "ह्ये न्यायला कोण येणार हाय?"

कोणीच येणार नाही, म्हटलं. त्याचाच आहे तो व्हाइस.

"मग बरं हाय," म्हणाले आणि जेवायला उठले.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मी दुरुस्तीबद्दलची दोन बरीच गाजलेली पुस्तकं वाचली आणि असे व्हिडिओ तर शेकड्यांनी बघितले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, मोडक्या दाराच्या फळीचं टेबल करून शनिवार-रविवार स्वतःही खाटखूट करतो. या सगळ्या साहित्याची तपासणी करायची तर पप्पांच्या प्रश्नापेक्षा चांगलं माप मला सापडलेलं नाही.

आधी शब्दाबद्दल. अमेरिकन इंग्रजीत गॅरेज म्हणजे घराचा भाग. गाडी ठेवायची जागा, जिथे गाडी सोडून बाकी सगळं साठतं आणि कोपऱ्यात हत्यारांची भिंत असते. तिथे माणूस आपल्या मनाचा राजा असतो. या जागेभोवती त्यांनी एक पुराणच रचलंय. पालो आल्टोमधल्या अॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या एका घराचं गॅरेज सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून जपून ठेवलंय, कारण १९३९ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी तिथे सुरू झाली. अॅपलच्या गॅरेजबद्दल तर स्टीव्ह वॉझ्नियाकनेच २०१४ साली एका मुलाखतीत सांगितलं की ती बरीचशी दंतकथा आहे, डिझाइन वगैरे काही आम्ही तिथे केलं नाही. दंतकथेला त्याने काही फरक पडलेला नाही.

मराठीत गॅरेज म्हणजे घराचा भाग नव्हे. मराठीत गॅरेज म्हणजे दुसऱ्याचं दुकान. "गाडी गॅरेजला टाकलीय" म्हणजे ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो उद्या देतो म्हणून परवा देणार आहे. आणि "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजला टाकीन" ही धमकी माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ऐकलेली आहे. मी स्वतः ती ऐकली ती अशा माणसाकडून, ज्याच्या स्वतःच्या नखांतलं वार्निश कधीच निघत नसे. तेव्हा इंग्रजी पुस्तकात जिथे जिथे गॅरेज हा शब्द येतो, तिथे तो एका मोकळ्या माणसाची जागा सांगतो. मी तो वाचतो तेव्हा मला एक बांधलेला माणूस दिसतो. भाषांतराची अडचण म्हणा हवं तर. मला ती समीक्षेची सुरुवात वाटते.

आता व्हिडिओंकडे. मला ते आवडतात हे आधीच सांगितलंय, आणि त्यातली हातोटी खोटी नाही. तक्रार एवढीच की तिथे दुरुस्ती नसते. गंज हा दिसणारा रोग आहे. कॅमेरा लावला की पहिल्याच फ्रेममध्ये कळतं काय झालंय आणि काय करायला लागणार आहे. व्हाइस बिघडण्यासारखा असतोच किती? दोन जबडे, एक मोठा स्क्रू. खऱ्या दुरुस्तीचा सगळ्यात मोठा भाग असतो तो काय बिघडलंय हे न कळण्याचा, आणि तो भाग या व्हिडिओंतून कापला जातो असंही म्हणता येत नाही. तो निवडीतच टाळलेला असतो.

माझ्या खोलीतला पंखा हळू फिरायला लागला तेव्हाची गोष्ट. पंखा हळू म्हणजे कॅपॅसिटर, हे इंटरनेट एकमुखाने सांगतं. अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणला, बदलला, पंखा पळाला. मी स्टेटस टाकलं. दहा-बारा दिवसांनी पंखा पुन्हा हळू. नवा कॅपॅसिटर खराब निघाला असेल म्हणून तिसरा आणला. तसाच. मग रेग्युलेटर बदलला. तसाच. कुणीतरी सांगितलं की जास्त क्षमतेचा कॅपॅसिटर घाल, वेग वाढतो. तो वाढतोही, पण वाइंडिंग गरम होतं, आणि पुढे ते जळलं की पप्पांसारख्या कुणाच्या तरी दुकानात जातं. शेवटी पप्पांना फोन केला. म्हणाले, "बंद कर, हातानं ढकल, आणि फोन वर धर." ढकलला. पाती दीड-दोन फेऱ्यांत थांबली. "बेअरिंग कोरडं पडलंय," फोनमधून आवाज आला. कॅपॅसिटरही गेला होता आणि बेअरिंगही जात होतं. पहिल्या दुरुस्तीने दुसरा रोग काही दिवस झाकला, एवढंच. डिबगिंग करणाऱ्या कुणालाही ही कथा ओळखीची वाटेल. यात व्हिडिओ करण्यासारखं काय आहे? एक माणूस स्टुलावर उभा राहून पंख्याकडे बघतोय. चाळीस मिनिटं.

नेमक्या याच चाळीस मिनिटांबद्दल लिहिलेलं एक पुस्तक आहे, म्हणून ते पन्नास वर्षं टिकलंय. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', १९७४ सालचं. १२१ प्रकाशकांनी नाकारलेलं म्हणून प्रसिद्ध, आणि नंतर लाखोंनी खपलेलं. एक बाप आपल्या अकरा वर्षांच्या पोराला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलने जातो आणि वाटेत गुणवत्ता म्हणजे काय याचा विचार करतो, इतकीच कथा. तत्त्वज्ञानाची प्रकरणं मला जड गेली. ग्रीकांशी त्याचं जे भांडण आहे ते मी निम्म्यात सोडून पुढे गेलो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण अडकलेल्या स्क्रूचं प्रकरण मी चार वेळा वाचलंय.

प्रसंग असा. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडायचंय. एक स्क्रू अडकलाय. तुम्ही जोर लावता आणि स्क्रूची खाच फाटते. आता तो उघडतही नाही आणि बसतही नाही. पर्सिग म्हणतो, आत्तापर्यंत हा स्क्रू काही पैशांचा होता, तुमच्या लक्षातही नव्हता. आता त्याची किंमत अख्ख्या गाडीएवढी आहे, कारण तो निघेपर्यंत गाडी निरुपयोगी आहे. आणि मग तो जे सांगतो ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं: या क्षणी डोकं रिकामं होतं, ती अवस्था टाळू नका, तिच्यात थांबा. पर्सिग स्वतः संगणकांची मॅन्युअल्स लिहिण्याचं काम करायचा. मॅन्युअल कुठे गप्प बसतं हे त्याला आतून माहीत होतं. पुढे तो दुरुस्ती करताना उमेद कशाकशाने खचते याची जवळजवळ यादीच देतो: जोडताना शेवटी एक भाग हातात उरणं, अधूनमधून येणारा आणि तपासायला गेलं की गायब होणारा बिघाड, घाई, अहंकार, कंटाळा. हा भाग कुणी मराठीत नुसता वेगळा काढून छापला तरी प्रत्येक आयटीआयच्या पोराला आणि प्रत्येक ज्युनिअर डेव्हलपरला वाचायला द्यावा असा आहे.

पण याच पुस्तकात सुरुवातीला आणखी एक प्रसंग आहे, आणि तो आवडणारे वाचक मला अजूनही कळत नाहीत. निवेदकाची गाडी वेगात असताना जाम होते. तो ती दुकानात देतो. तिथली पोरं रेडिओ मोठ्याने लावून काम करतात, हसतात-खिदळतात. एकजण छिन्नी-हातोड्याने झाकणाची वाट लावतो. दुरुस्तीला गेलेली गाडी आणखी बिघडून येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. शेवटी कारण तो स्वतःच शोधतो: तेल पुरवणाऱ्या भागातली पंचवीस सेंटची एक पिन तुटलेली असते. त्या पोरांबद्दलचा त्याचा निष्कर्ष असा की ती प्रेक्षक होती, कामात नव्हतीच. एके ठिकाणी तर त्यांच्या कामाची तुलना तो चिंपांझींशी करतो.

निष्काळजीपणा झाला हे मान्य. त्याच्या जागी मीही चिडलो असतो. पण संपूर्ण पुस्तकात माणसामाणसांतला सूक्ष्म फरक टिपणारा हा लेखक त्या दुकानात मात्र एक साधा प्रश्न विचारत नाही: त्या दिवशी त्यांच्याकडे किती गाड्या होत्या? निवेदकाकडे एक गाडी आहे आणि सगळा वेळ त्याचा आहे. ती पिन शोधायला त्याला लागलेला वेळ त्याच्याकडून कुणी मागणार नव्हतं. ज्याला आपण मन लावून काम करणं म्हणतो त्यात मन किती आणि मोकळा वेळ किती, याचा हिशेब पर्सिग मांडत नाही. रेडिओ का लावतात हेही त्याला कळलेलं नाही. पप्पांच्या दुकानात दिवसभर विविधभारती चालू असायचं. वेढे मोजताना ते तोंडाने आकडे पुटपुटायचे आणि गाण्याच्या ओळी मध्येच हातांनी पकडायचे. रेडिओ मन नसल्याची खूण असते असं मला कधी वाटलं नाही. दहा तास एकाच जागी मन ठेवायचं तर त्याला काहीतरी टेकू लागतो.

(जाता जाता: याच दुरुस्तीच्या प्रकरणांमध्ये दक्षिण भारतातला माकड पकडायचा सापळाही येतो. नारळात भात ठेवलेला असतो, माकड मूठ सोडत नाही म्हणून अडकतं. मुद्दा चांगलाय. पर्सिग काही काळ बनारसला शिकायलाही होता. पण त्याच्या हत्यारांच्या पेटीजवळ आपल्या देशाची हजेरी लागते ती एका माकडाच्या रूपात, आणि पगारी मेकॅनिक असतात ते चिंपांझी. प्राणिसंग्रहालयात माणूस एकटा तोच.)

दुसरं पुस्तक या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. मॅथ्यू क्रॉफर्डचं 'शॉप क्लास अॅज सोलक्राफ्ट', २००९ सालचं. क्रॉफर्डने शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी केली, वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकमध्ये नोकरी धरली, पाच महिन्यांत सोडली आणि व्हर्जिनियातल्या रिचमंडला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचा दावा असा की ऑफिसातल्या ज्या कामाला आपण बुद्धीचं काम म्हणतो त्यात बुद्धीला फारसं काम नसतं, आणि ज्याला हाताचं काम म्हणतो त्यात ते भरपूर असतं. जिरा आणि स्टँडअपमध्ये दिवस घालवणाऱ्या माणसाला हे पुस्तक वाचताना काय होतं ते मी सांगायला नको. पहिली शंभर पानं मी खुर्चीवरून उठलो नाही. आपण केलेलं काम चाललं की नाही हे बॉसच्या मतावर अवलंबून नसतं, गाडी सुरू होते किंवा होत नाही, हे त्याचं म्हणणं मी सहा महिने सगळ्यांना ऐकवत होतो.

पुस्तकातला सर्वांत चांगला भाग एका १९८३ सालच्या होंडा मॅग्नाचा आहे. गिऱ्हाइकाची गाडी. क्लचचा काही प्रश्न. काम करताना क्रॉफर्डचं लक्ष एका ऑइल सीलकडे जातं आणि तो त्यातच गुंततो. का गळतंय, कुठून गळतंय, आत काय असेल. तास जातात. मग त्याच्या लक्षात येतं की ही उत्सुकता त्याची स्वतःची आहे आणि बिल मात्र दुसऱ्याच्या नावावर फाटणार आहे. गाडीच्या मालकाला ती गाडी चालवायचीय, तिचं रहस्य उकलायचं नाहीये. किती तास लावायचे बिलात? इथे, या एका जागी, पप्पांचा प्रश्न पुस्तकात शिरतो. न्यायला कोणीतरी येणार आहे. कारागिराचं प्रेम आणि गिऱ्हाइकाचा खिसा यांच्यातलं हे भांडण क्रॉफर्ड सोडवत नाही, सोडवल्याचा आवही आणत नाही. पर्सिगला जे दुकान बाहेरून दिसलं ते इथे आतून दिसतं.

तरीही दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्याचा इतिहास. डोकं आणि हात वेगळे झाले ते कारखान्यांमुळे, फ्रेडरिक टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनामुळे, असं तो मांडतो. टेलरचं पुस्तक १९११ सालचं. अमेरिकेपुरतं ते बरोबर असेलही. आपल्याकडे टेलर यायच्या कितीतरी आधी ही वाटणी झालेली होती आणि ती जन्माने ठरत होती. सुतार, लोहार, चांभार यांच्या हातांत काय ज्ञान आहे याची गावाला गरज रोज पडायची आणि किंमत मात्र सुगीला मापून दिली जायची. जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडून ठेवलंय. त्यामुळे 'हातांकडे परत चला' ही हाक आपल्या भाषेत आणताना ती कुणाला उद्देशून आहे हे विचारावं लागतं. जो कधी हातांपासून सुटलाच नाही त्याला ती हाक ऐकू येते तेव्हा कशी ऐकू येते?

दुसरी गोष्ट क्रॉफर्डच्या परतीच्या तिकिटाची. त्याच्याकडे पीएचडी होती. दुकान चाललं नसतं तरी तो पुस्तक लिहू शकत होता, आणि दुकान चालत असतानाही त्याने ते लिहिलंच. मी हे त्याला कमीपणा आणायला म्हणत नाही, कारण नेमकं तेच तिकीट माझ्याही खिशात आहे. मी शनिवारी हात काळे करतो, सोमवारी ते धुऊन लॅपटॉप उघडतो. मला दुरुस्तीत जो आनंद मिळतो तो पगार जमा झाल्यानंतरचा आहे. पुस्तक वाचून भारावलो होतो तेव्हा एकदा मी पप्पांना म्हणालो होतो की तुमचं काम माझ्या कामापेक्षा जास्त डोक्याचं आहे, एका अमेरिकन प्रोफेसराने लिहिलंय. ते स्टेटरमधून जळकं तांबं ओढून काढत होते. म्हणाले, "मग त्येला म्हणावं दोन दिवस ये, सीझनला."

आणखी एक अनुपस्थिती या साहित्यात सगळीकडे आहे. बायका. व्हिडिओत हात पुरुषाचे, पुस्तकांत बाप-मुलगा, मेकॅनिक, गुरू-चेले सगळे पुरुष. आमच्या घरी संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर आई स्लॉटमध्ये घालायचे इन्सुलेशनचे कागद कापत बसायची. प्रत्येक मोटारीच्या स्लॉटची लांबी वेगळी, कडा दुमडायच्या वेगळ्या. कागद तोकडा पडला तर तांबं लोखंडाला लागतं आणि मोटार पहिल्याच दिवशी जाते. अशी एकही मोटार परत आल्याचं मला आठवत नाही. ती कधी दुकानात बसली नाही, आणि दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स' लिहायचा पप्पांचा विचार होता तो माझ्या इंजिनिअरिंगच्या अॅडमिशननंतर मागे पडला.

माझ्या स्वतःच्या कारागिरीची परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी मला जिन्याखाली बघितलं होतं. त्यांचा मिक्सर ठिणग्या टाकून बंद पडला. "बघतोस का जरा?" मी अत्यंत आनंदाने घेतला. कार्बन गेले होते, म्हणजे कमी होऊन संपले होते. हे मला लगेच कळलं आणि मी स्वतःवर खूश झालो. ऑनलाइन मागवलेले कार्बन एक नंबर मोठे आले. ते पॉलिश पेपरवर घासून बसवायच्या नादात एक तुटला. पुन्हा मागवले. मधल्या काळात वरचा कपलर काढायला गेलो. मिक्सरच्या कपलरचे आटे उलटे असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी एक अख्खी संध्याकाळ तो काढण्याच्या समजुतीत घट्ट करत बसलो. पर्सिग आठवला. अडकलेल्या अवस्थेत थांबा, डोकं रिकामं होऊ द्या. थांबलो. तेवढ्यात काकूंचा मेसेज आला: उपवास आहे, दाण्याचं कूट करायचंय, झालाय का? यावर पर्सिगकडे काही उत्तर नव्हतं. त्याच्या अडकलेपणात दारावर कुणी उभं नसतं.

नवव्या दिवशी मिक्सर दिला. चालू झाला. काकू म्हणाल्या, "किती द्यायचे?" मी नको-नको म्हणत खाली आलो आणि पप्पांना फोन केला, असं विचारलं तर किती सांगायचे? त्यांनी विचारलं, "येळ किती लागला?" नऊ दिवस म्हटल्यावर ते बराच वेळ हसले. "मग तूच दे त्यांना कायतरी."

मला या विषयावरचं माझ्या मते सगळ्यात चांगलं लेखन सापडलं ते त्याच दुकानात. पप्पांच्या वह्या. शंभर पानी, आडव्या, आठ-दहा भरतील. जुनी वाइंडिंग कापून फेकण्याआधी तिचा सगळा तपशील लिहून ठेवावा लागतो, कारण एकदा कापली की मोटारीत काय होतं हे सांगणारं दुसरं काही उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप घेतल्याशिवाय डिलीट, आणि रोलबॅक नाही. तेव्हा नोंद अशी असते: पंप, ३ एचपी, स्लॉट ३६, पिच ८-१०-१२, मग वेढे, मग तारेचा गेज, आणि शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्दांत कारण. 'पाणी शिरलं.' 'बेअरिंग जाम.' 'सिंगल फेज.'

ही कारणं ते कशी लिहितात हे लहानपणी बघितलेलं मला आता समजतं. झाकण उघडलं की ते आधी काहीच करत नाहीत. बघतात. थ्री फेज मोटारीच्या तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर लोड जास्त झालाय किंवा काहीतरी जाम झालंय. दोन फेज जळून काळ्या आणि तिसरी पिवळीधमक नवीकोरी असेल तर मोटार स्टार जोडणीत होती आणि लाइनवरचा एक फेज गेला होता. उरलेल्या दोघी ओझं ओढत जळाल्या. डेल्टा जोडणी असेल तर उलटं, एकच फेज जळते आणि दोन वाचतात. म्हणजे जळालेल्या तांब्यावरून, रात्री कधीतरी शेतातल्या डीपीवर फ्यूज उडाला होता हे ते दुकानात बसून सांगतात. आणि सांगावंच लागतं, कारण नुसती मोटार भरून दिली आणि फ्यूज तसाच राहिला तर आठ दिवसांत तीच मोटार परत. शेतकरी म्हणणार भरणाऱ्याने नीट भरली नाही. या वाचनाला पर्सिगने किती पानं दिली असती असं माझ्या मनात येतं. पप्पांनी दोन शब्द दिलेत, कारण रकाना तेवढाच आहे.

गेल्या वेळी घरी होतो तेव्हा या वह्यांच्या पानांचे फोटो काढत बसलो होतो. पप्पा म्हणाले, "त्यात काय वाचायचंय?" मी पानं उलटत होतो. जुनी पानं शाईची, नंतरची बॉलपेनची, तेलाचे डाग, मध्येच माझ्या तिसरीतल्या बेरजा. कारणाच्या रकान्यात पाणी, बेअरिंग, सिंगल फेज, पाणी, सिंगल फेज. एका पानावर एक नोंद दोनदा आहे. तीच मोटार, तेच स्लॉट, तोच पिच, दोन्हींमध्ये अठरा दिवसांचं अंतर. पहिल्या नोंदीतला गेज खोडलेला, दुसऱ्या नोंदीत नवा. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'गेज चुकला. परत भरली. तांबं आपलं.'